तिचा आवाज शंभर, माझा शून्य

प्रिय बसू,

तुला कधी पत्र लिहावं लागेल असं वाटलं नव्हतं. गरजच काय होती? इरफानभाईच्या गेमिंग कॅफेत तू चार नंबरच्या मशीनवर, मी तीन नंबरच्या. हात लांब केला की तुझ्या डोक्यात टपली बसायची. आज चिंचोळीच्या कंपनीत जेवणाच्या सुट्टीत, टॉवेलच्या खोक्यांवर चिकटवायच्या कागदांच्या कोऱ्या बाजूला लिहितोय. कारण काल मी तुझ्यासारखा खेळलो. असं लावण्या म्हणाली. आणि ते ऐकून माझ्या अंगाचा जो भडका उडालाय, तो तुझ्याशी भांडल्याशिवाय विझायचा नाही.

तू गेलास त्याला दीड महिना झाला. मेलेल्या माणसावर कुणी जळतं का रे? मी जळतो.

जिवंत होतास तेव्हा निदान तू चुकायचास तरी. आता तू चुकतच नाहीस! दिवसेंदिवस अजूनच चांगला होत चाललायस. आपल्या टीममधले जुळे भाऊ म्हणतात, बसू कधी चिडला नाही. लावण्या म्हणते, बसूला न सांगता कळायचं. अरे, तू वडापावचं तेल इरफानभाईच्या दाराच्या पडद्याला पुसायचास, ते का कुणी सांगत नाही? तेवढं एक मी सांगितलं तर लावण्या रडायला लागली. म्हणजे तुझं पडद्याला हात पुसणंसुद्धा आता पवित्र झालं. मी काय करायचं, बोल!

हा खेळ मला तूच शिकवलास. नव्या पेठेत, साडीच्या दुकानाच्या वरचा तो कॅफे, जिन्यात अंधार, आत आठ मशीनं. मी वर्कशॉपच्या सरांशी हुज्जत घालून, फाईल त्यांच्या टेबलावर आपटून कॉलेज सोडलं, त्याच दिवशी. तू गेटपर्यंत मागं आलास. "माफी माग बे. दोन मिनिटांचं काम आहे." मी नाही म्हटलं. मग तू म्हणालास, "बरं, मग चल, डोकं थंड करू," आणि मला त्या जिन्यानं वर नेलंस.

"पाच आपले, पाच त्यांचे," तू सांगितलंस. "जुळे टँक घेतात. त्यांनी पुढं उभं राहून मार खायचा. तू मारायचं, ते तुला बरं जमेल. लावण्या लांबून नेम धरणार. आणि मी हील देणार."

"हील म्हणजे?"

"तू मारामारी करून आलास की मी मलम लावायचं. घरी तुझी आई करते तेच."

हसलास लई. मीही हसलो. पण लावण्या म्हणजे कोण, ते तेव्हा विचारलं नाही. दोन दिवसांनी कळलं. तुझ्याच वर्गातली, प्रॅक्टिकलला तुझ्याच बॅचला. बसू, मी कॉलेज सोडलं त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते ह्याचं की तुम्हा दोघांना एका बेंचवर सोडून आलो.

ती घरून खेळायची, विडी घरकुल वसाहतीतून, भावाच्या जुन्या कॉम्प्युटरवर. आपण कॅफेतून. कॉलेजच्या गेटपाशी भेटली की कशी फाडफाड बोलते! रिक्षावाल्याशी भांडताना तिचा आवाज चार चौकात ऐकू जातो. आणि खेळताना? माझ्या कानात तिचं एक अक्षर यायचं नाही. नुसती खरखर. आणि त्याच वेळी तू, माझ्या बाजूला बसून, मधेच म्हणायचास, "हां, बघितलं." "नाही नाही, मी आलोय मागं." "तू थांब तिथंच, देतो." कुणाशी बोलायचास? तिच्याशीच ना! मला ऐकू येत नाही आणि तुला येतं, म्हणजे तुम्ही दोघांनी काहीतरी वेगळी लाईन जोडलीय, असं मी धरून चाललो. विचारलं नाही. विचारायला लाज वाटली, आणि लाजेचा मला राग येतो, हे तुला माहितंय.

मग मी ओरडायचो. "हील दे! हील दे की बे!" खालून साडीवाल्याचा माणूस वर यायचा. इरफानभाई म्हणायचा, "कायकू चिल्लाता रे रेवण? नीचे नवरी का बस्ता बांध रहे, वो लोगां डर के भाग जाते!" तुझी पाठ वाकलेली, मान पुढं, नजर पडद्यावर. आणि खरं सांगायचं तर हील यायचं. वेळेवर यायचं. पण मला वाटायचं, तिला देऊन उरलेलं येतंय.

तो शेवटचा सामना आठवतो? मी एकटाच पाचजणांत घुसलो. तू कितीदा सांगितलं होतंस. तुझ्या त्या टिपा मला झोपेतसुद्धा पाठ आहेत. मनगट वळवू नको, कोपर वळव. अल्टी, म्हणजे सगळ्यात मोठा वार, साठवून ठेवायला ती मुदत ठेव नाही, वेळ आली की मार. मेलास की एकटा पळत परत येऊ नको, बाकीच्यांसाठी थांब, मग सगळे मिळून जाऊ. सगळं पाठ आणि एकही पाळली नाही. घुसलो, मेलो, आणि बघतो तर तुझ्या हीलची हिरवी रेघ लावण्याच्या अंगावर!

मी हेडफोन काढून आपटला. "तिला हील, आणि मला ठेंगा?"

"तू भिंतीपलीकडं गेलास रेवण," तू म्हणालास. "भिंतीतून हील जात नाही रे."

"भिंत नाही, तुझ्या मनात काय आहे ते सांग!"

जुळ्यांनी खेळायचं थांबवलं. तू माझ्याकडं बघितलंस, आणि पुन्हा पडद्याकडं वळलास. एवढंच म्हणालास, "सामना चालू आहे. बस."

मी बसलो नाही. जिना उतरून गेलो, आणि पुढचे तीन आठवडे तुझा फोन घेतला नाही. सात वेळा आला होता. मोजलेत मी. आता मोजून काय करू?

मग जुळ्यांनी सांगितलं, बसूला डेंग्यू झालाय, ॲडमिट केलंय. तरी मी दोन दिवस गेलो नाही. तू ॲडमिट झाल्याच्या पाचव्या दिवशी आलो. आणि दारातच काय बघतो? तुझ्या आईच्या शेजारी लावण्या बसलेली, मांडीवर शहाळं, त्यात नळी घातलेली. बसू, आज तुझ्यापासून काय लपवायचं. तुझ्या तापापेक्षा मला ते शहाळं जास्त झोंबलं.

तू पडल्या पडल्या म्हणालास, "आलास? माझं मशीन कुणी घेतलं नाही ना?"

मी म्हटलं, "घेईना का. तुला काय करायचंय, तुझी सेवा करायला माणसं आहेत."

तू हसलास. ओठ सुकले होते. ते माझं तुझ्याशी शेवटचं वाक्य. साऱ्या टीमला जगवणारा तू, तुझ्या प्लेटलेट रोज उतरत होत्या, आणि मी काय बोललो तर हे! एक वाक्य तरी धड बोलायला यावं की नाही माणसाला?

मैंदर्गीला, तुझ्या गावाला, तुला नेलं तेव्हा मी टेम्पोत होतो. पत्रिकेत निधन नाही, लिंगैक्य छापलं. खड्ड्यात तुला बसवलं, आपल्या लिंगायतांत बसवतात तसं, कपाळभर विभूती लावून. मी वरून बघत होतो. खुर्चीत बसायचास तसाच बसला होतास, फक्त पाठ ताठ. खेळताना कधी ताठ बसला नाहीस तू. मला वाटलं, उतरावं आणि मान जरा पुढं करून द्यावी.

दिवस झाल्यावर तुझ्या आईनं मला आत बोलावलं. तुझी डायरी पुढं केली. तीच, आडत दुकानाकडून फुकट मिळालेली, लाल कव्हरची. "तगो रेवणा, नीनं इट्को," कानडीत म्हणाल्या. घे, तूच ठेव. "ह्याच्यात काय लिहिलंय आम्हाला कळत नाही. अभ्यासाचं असेल."

अभ्यासाचंच होतं की. इरफानभाईची मशीनं एकदा बंद करून चालू केली की पाटी कोरी. सगळी सेटिंग पुसली जातात. आम्ही जे असेल त्यावर खेळायचो. तू मात्र रोज येऊन आधी दहा मिनिटं डायरी उघडायचास आणि एकेक आकडा भरायचास. जुळे म्हणायचे, "झाली का बसूअण्णाची पूजा?"

मी घरी येऊन ते पान काढलं. माऊस आठशे. खेळातला वेग चार. हीलचं बटण दाबून धरायचं, सोडलं की बंद. आपल्या माणसांच्या उरलेल्या रक्ताची पट्टी कायम दिसू द्यायची. शत्रूचा रंग पिवळा, लाल नको, लाल आगीत मिसळतो. सगळं तुझ्या त्या बारीक, उतरत्या अक्षरात. आणि पानाच्या तळाला चौकट केलेली.

आवाज. जुळे ३०. लावण्या १००. रेवण ०.

शून्य!

बसू, मी ते तीनदा वाचलं. वर्षभर मी तुझ्या शेजारी बसून घसा फोडला, आणि तू माझा आवाज बंद करून ठेवला होतास? आणि तिचा शंभर? तू असतास तर त्या दिवशी तुझी गचांडी धरली असती. तू नव्हतास. धरायला डायरी होती. फाडणार होतो. तुझ्या आईचा चेहरा आठवला म्हणून फाडली नाही.

त्याच आठवड्यात लावण्याचा फोन आला. मला! पहिल्यांदा! मी पळत कंपनीच्या गेटबाहेर जाऊन उचलला. ती म्हणाली, "रेवण, बसूची डायरी तुझ्याकडं आहे ना? इरफानभाई कॅफेतली ती स्पर्धा पुन्हा चालू करतायत. हीलर मी खेळते. नेम धरायला ते स्वतः बसतो म्हणतायत. मला बसूच्या सेटिंगवर खेळायचंय. पानाचा फोटो पाठव ना."

बसूच्या सेटिंगवर. बसूच्या जागेवर. मला काय वाटलं असेल, कर विचार.

मी म्हटलं, "त्याचं अक्षर लागायचं नाही तुला. मी नीट उतरवून देतो."

आणि उतरवलं. वेग चारच्या जागी नऊ. बटण दाबून धरायचं, तिथं एकदा दाबलं की चालू राहू दे. पट्टी कायमच्या जागी फक्त मार बसल्यावर. रंग लाल. सगळं उलटं, माझ्या हातानं, सुवाच्य अक्षरात. खाली आवाजाची चौकट लिहिलीच नाही. मला वाटलं, दोन दिवस खेळेल, वैतागेल, म्हणेल बसूचं काही खरं नव्हतं. माझं नाव कुठं येणारच नाही. तेवढ्यानं माझं पोट भरणार होतं.

पण ती वैतागली नाही रे! वैतागली असती तर सुटलो असतो. ती सराव करत बसली. कॉलेजहून आली की तेच. माऊस नुसता हलला की तिचा हिरो भिंतीकडं तोंड करून उभा राहायचा. मनगटाला क्रेप बँडेज बांधून खेळली. दोन सामने हरलो. जुळे पटापट मरायचे, आणि ती माईकवर कुजबुजायची ते कुणालाच ऐकू यायचं नाही. इरफानभाई म्हणाला, "बच्ची का दिल नहीं लग रहा. नक्को बोलो उसकू कुछ." मी मान डोलावली. बोलण्यासारखं माझ्याच खिशात होतं.

परवा तिनं मेसेज टाकला. बसूच्या सेटिंगवर पण मला जमत नाही, म्हणजे खोट माझ्यातच आहे. रेवण, तू हीलर घे.

मी घेतला. काल रविवार, कंपनीला सुट्टी. मी पहिल्यांदा चार नंबरच्या खुर्चीत बसलो. डायरी मांडीवर घेतली आणि दहा मिनिटं खरे आकडे भरले. आवाजाची चौकट मुद्दाम सोडली. म्हटलं, मी काही तुझ्यासारखा नाही, मी सगळ्यांचं ऐकणार. माझ्या तीन नंबरच्या खुर्चीत, माझ्या जागेवर मारायला, इरफानभाई बसला, चष्मा कपाळावर ढकलून. लावण्या पुन्हा घरून, लांबून नेम धरायला.

सामना सुरू झाला आणि इरफानभाई ओरडला, "मर गया, मर गया, कुछ दे रे!" एकदा ह्या कानात, बाजूच्या खुर्चीतून. आणि त्यावरच पुन्हा हेडफोनमधून, जरा उशिरानं. प्रत्येक शब्द दोनदा! डोकं भणभणलं. दुसरं काही ऐकूच येईना. मी वैतागून त्याचा आवाज खाली ओढला. तीस. वीस. शून्य. तरी तो ऐकू येतच होता. येणारच की! हातभर अंतरावर बसलेला माणूस!

मी मांडीवरच्या डायरीतली ती चौकट पुन्हा बघितली, बसू.

शून्य म्हणजे बंद नव्हतं. जुळे पलीकडच्या भिंतीला बसायचे, म्हणून त्यांना तीस. मी तुझ्या शेजारी होतो. शेजारच्या माणसाचा आवाज यंत्रातून कशाला ऐकायचा?

तेवढ्यात ती खरखर आली. लावण्या काहीतरी सांगत होती. मी तिचा आवाज वर नेला. साठ. ऐंशी. शंभर. आणि शंभरावर ते सगळं घर माझ्या कानात उतरलं. शेजारच्या मागाची खटखट. तिची आई आणि मावशी विड्या वळताना बोलतात ते. आजीचा खोकला. ह्या सगळ्यांच्या मधे, एकाच खोलीत, उशी पुढ्यात धरून बोलावं तसं ती कुजबुजत होती. "रेवण, उजवीकडं. जिन्यात एकजण आहे."

वेगळी लाईन नव्हती. काही जोडलेलं नव्हतं. घरच्यांनी खेळ बंद करू नये म्हणून ती हळू बोलायची, आणि तू फक्त तिचा आवाज वाढवला होतास. मी का नाही वाढवला? ते बटण माझ्याकडंही होतं की.

आता तुला वाटेल, जळणं संपलं. कसलं संपतंय! शंभरावर तिचा श्वासही ऐकू येतो बसू. नेम धरताना ती श्वास रोखते आणि गोळी सुटल्यावर हळूच सोडते. वर्षभर हे तू ऐकत होतास! रोज! आणि माझ्या शेजारी बसून वडापाव खात होतास!

सामना जिंकलो. माईक बंद करायचा राहिला तिचा. आजीनं तेलुगूत विचारलं, "एवरे वाडु?" कोण गं तो? लावण्या म्हणाली, "बसू फ्रेंडु."

बसूचा मित्र. एवढीच माझी ओळख. सोलापुरात वाढलोय, एवढं तेलुगू मला येतं.

मग ती मला म्हणाली, "तू बसूसारखा खेळलास रे. सेटिंग कुठलं लावलंस?"

आणि मी, जिंकल्या तोंडानं, म्हटलं, "माझंच."

"बघ," ती म्हणाली. "म्हणजे हातातच असावं लागतं. मला त्याचं सगळं मिळून जमलं नाही. येत्या रविवारी मी येत नाही. माझ्यामुळं दोन सामने गेले. तुम्ही दुसरं कुणी बघा." आणि गेली.

तिच्या हातात काही खोट नाही बसू. खोट मी उतरवून दिली होती, सुवाच्य अक्षरात. आणि ती ते तुझं समजून मनगट सुजवत बसली. मी तुझ्यावर सूड घ्यायला गेलो आणि तुझ्यापर्यंत काही पोचलंच नाही. तू भिंतीपलीकडं. मधे ती सापडली.

तुझं तिच्यावर प्रेम होतं का? तिचं तुझ्यावर होतं? ते मला डायरीत कुठं सापडलं नाही, आणि विचारायचा हक्क मी घालवून बसलोय. एक मात्र सांगतो, हे सगळं कळूनसुद्धा मला तुझा हेवा वाटतो. तू तिला ऐकत होतास म्हणून नाही. तू मला ऐकत होतास, आणि मला ते कळलं नाही, म्हणून.

भोंगा होईल आता. चारला सुट्टी झाली की मी घरी जाणार नाही. डायरी पिशवीत आहे. चिंचोळीहून बस धरून थेट विडी घरकुल. तिच्या आजीसमोर, आईसमोर, जी कोण असेल तिच्यासमोर सांगणार, की ते पान मी खोटं लिहिलं. फोटो नाही, उतरवून नाही, डायरीच तिच्या हातात देणार, चौकटीसकट. माझ्या शून्यासकट. ती शिव्या देईल. दार लावून घेईल, किंवा तो माऊस फेकून मारेल. मी मधे तोंड घालणार नाही.

रविवारी ती आली तर हीलर तीच. मी माझ्या जागी, तीन नंबरला, आणि एकटा घुसणार नाही. नाही आली तर चार नंबर रिकामं ठेवू आणि चौघेच हरू.

आणि एक शब्द देतो, बसू. तू हसशील, पण देतो. आजपासून हळू बोलायला शिकतो. इतकं हळू, की माझं ऐकायचं म्हटलं तर कुणाला तरी माझा आवाज शंभरावर न्यावा लागेल. कुणी नेईल का, ते त्याचं तो ठरवेल. मी ओरडून मागणार नाही.

तुझा,
तीन नंबरच्या खुर्चीतला,
रेवण